आजोबांचे उद्योग, कारणे व परिणाम

लक्ष्मीबाई नगर, नवी दिल्ली
४ जुलै २०२५

ती. आजोबांना,
साष्टांग नमस्कार.

आईने वरती ‘ती. स्व.’ असं लिहायला सांगितलं होतं. पण आमच्या शाळेत ‘स्व.’ म्हणजे स्वर्गीय. तुम्ही तर बिल्कुल ठीक आहात, म्हणून मी ते काढून टाकलं. आई हसून हसून खुर्चीवरून पडायची बाकी होती. मग म्हणाली की ते तीर्थस्वरूप असतं. आता पेनने लिहून झालंय, तेव्हा चालवून घ्या.

मी तुमच्या मुलीची मुलगी रेवती, इयत्ता दहावी. तुम्हाला माहीत आहे, पण पत्रात आपण पहिल्यांदाच भेटतोय म्हणून ओळख करून दिली. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही. व्हिडिओ कॉलवर तुम्ही ओठ वाचता, पण आमचं नेट अडकतं. मागच्या वेळी माझं तोंड उघडं असतानाच चित्र थांबलं, आणि तुम्ही चैतन्यमामाला विचारलंत की ही पोरगी इतका वेळ आ करून का बसली आहे, दाढ दुखते का. तेव्हाच मी ठरवलं की आता पत्रच लिहायचं.

आता मुद्द्याचं. आजोबा, तुम्ही आजवर जे उद्योग केलेत ते कशामुळे केलेत आणि त्यांचे घरातल्या लोकांवर काय परिणाम झाले, हे मला सविस्तर लिहून पाठवा. काही लपवू नका, सगळं खरं पाहिजे. आईलाही वाचायचं आहे. पंधरा ऑगस्टच्या आत उत्तर आलं पाहिजे, नाहीतर माझं काही खरं नाही.

इकडे गरमी खूप आहे. आंबे संपले. मामा-मामींना नमस्कार सांगा.

लोभ आहेच, थोडा वाढवलात तर आवडेल.
तुमची
रेवती

*

इचलकरंजी
१२ जुलै २०२५

चि. रेवतीस सूर्यकांत आजोबाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. पोस्टमनने ते माझ्या हातात दिलं आणि वीजबिल नाही याची खात्री करून घ्यायला मी ते तीनदा उलटंपालटं केलं. मग कापड तपासतात तसं खिडकीशी नेऊन उजेडात धरलं. कापडात धागा तुटून फट राहिली की त्याला आम्ही तुटका तार म्हणतो. तुझा अनुस्वार गळला, काना राहिला, तो तुटका तार. मधेच हिंदी शब्द घुसला, ती गाठ. तुझ्या पत्रात तुटके तार नऊ, गाठी चार. ‘बिल्कुल ठीक’ ही सगळ्यात मोठी गाठ. आपल्याकडे बिलकूल आलं की मागोमाग ‘नाही’ येतं. तरी पहिल्या खेपेला माल बरा आहे.

आता माझ्या उद्योगांविषयी. तुझ्या आईला हे कुणी सांगितलं? चैतन्याने सांगितलं असेल तर तो घरभेदी आहे. ती स्वतः लिहीत नाही, पोरीला पुढे करते, हेही काही बरं नाही. पण तू सरळ विचारलंस, आणि सगळं खरं लिहा म्हणतेस, तर लिहितो.

मी रोज सकाळी बागेत फिरायला जातो असं घरात सगळे समजतात. मी बागेत जात नाही. श्रीरंगशेठच्या शेडमध्ये जातो. तीन वर्षांपूर्वी तिथं ओल्या फरशीवर घसरून माझं मनगट मोडलं, तेव्हा पमीला, म्हणजे तुझ्या आईला, मी शब्द दिला होता की आता यंत्रमागाचं तोंड बघणार नाही. तो शब्द मी पूर्ण आठ दिवस पाळला.

कारण असं की शेडमध्ये जुने आठ माग राहिलेत आणि नव्या पोरांना त्यांची दुखणी कळत नाहीत. परिणाम म्हणशील तर कपड्यांना तेल लागतं. म्हणून शेडचा हिशेब ठेवणाऱ्या दिवाणजींच्या कपाटात मी एक जुना सदरा ठेवलाय. येताना बदलून येतो. बागेत फिरूनही मामंजी इतके स्वच्छ कसे राहतात याचं तुझ्या मामीला फार कौतुक आहे.

दुसरा उद्योग. तुझ्या आईने तुमच्या दिल्लीतल्या द्वारकेच्या कानाच्या डॉक्टरीणबाईंचा कागद पाठवला होता, दिल्लीला येऊन कान तपासून घ्या म्हणून. तो हरवला असं मी कळवलं. तो हरवलेला नाही. तांदळाच्या डब्याखाली आहे.

एवढेच मोठे उद्योग. बारीकसारीक विचारू नकोस. आईचा राग किती आहे ते मात्र लगेच कळव.

माया पातळ होऊ देऊ नये.
तुझा
आजोबा

*

लक्ष्मीबाई नगर
२१ जुलै २०२५

ती. स्व. (तीर्थस्वरूपवालं) आजोबांना,
साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र मी मेट्रोत वाचलं आणि इतकी हसले की शेजारच्या आंटी उठून दुसरीकडे बसल्या. आजोबा, घोटाळा झालाय! मला ‘उद्योग’ म्हणजे इंडस्ट्री म्हणायचं होतं. हिंदीत उद्योग म्हणजे कारखाने, गिरण्या वगैरे. काय उद्योग चाललेत असं आई विचारते तेव्हा बोलणी खायची वेळ आलेली असते, हे मला माहीत आहे, पण लिहिताना लक्षातच आलं नाही. आणि शाळेचा प्रोजेक्ट आहे हे सांगायचंच राहिलं.

तर आता नीट सांगते. इतिहासाच्या मॅडमनी औद्योगिकीकरणाची कारणं आणि त्याचे समाजावर झालेले परिणाम यावर लिहायला सांगितलंय. इंटरनेटवरून उतरवायचं नाही, घरातल्या कुणाला तरी विचारून लिहायचं. माझ्या वर्गात सगळ्यांचे आईबाबा सरकारी नोकरीत, आजोबासुद्धा फाइली बघत म्हातारे झालेले. कारखान्यात काम केलेले आजोबा फक्त माझ्याकडे आहेत. मी वर्गात एकदम भाव खाल्ला आहे, तेव्हा मला तोंडघशी पाडू नका.

तुमचं गुपित सेफ आहे. आईने पत्रात काय आहे विचारलं, तर मी सांगितलं की बागेतल्या गुलाबांविषयी आहे. ती म्हणाली की अप्पांना फुलांची आवड कधीपासून लागली. मी घाईघाईने दूध आणायला गेले.

आणि कागद तांदळाच्या डब्याखालून काढून ठेवा. त्याला किडे लागतील.

लोभ असू द्या आणि गाठी कमी मोजा.
रेवती

*

इचलकरंजी
१ ऑगस्ट २०२५

चि. रेवतीस अनेक आशीर्वाद.

म्हणजे मी स्वतःच्या हाताने स्वतःला पकडून दिलं. दिवाणजींना सांगितलं, तर ते पोट धरून हसले आणि मग पाणी पिऊन पुन्हा हसले. असो. तुटके तार पाच, गाठी सहा. गाठी वाढल्यात.

पहिलं कारण. माझे वडील हातमागावर दोन दिवसांत एक लुगडं विणत. गल्लीत विजेचे माग आले तसे ते बघायला गेले. वडिलांना आठवडा लागला असता ते कापड त्या मागाने संध्याकाळपर्यंत काढलं. वडील घरी आले, जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी माझा हात धरून त्याच शेडमध्ये मला कामाला ठेवून आले. मी सोळा वर्षांचा होतो. तुझ्या पुस्तकात याहून मोठी कारणं असतील, आमच्या घरात एवढंच घडलं. पुढे मी जॉबर झालो. जॉबर म्हणजे माग आजारी पडला की त्याला बरा करणारा.

आता परिणाम. तुझी आजी भानुमती लग्नाआधी घराबाहेर पडली नव्हती. ती कांड्या भरायच्या कामाला लागली, म्हणजे धोट्यात बसवायच्या नळीवर सूत गुंडाळायचं. (धोटा म्हणजे आडवा धागा घेऊन इकडून तिकडे पळणारा लाकडाचा तुकडा. धोका नव्हे.) चार बायकांत बसून ती बोलायला शिकली आणि नंतर मला बोलायला वाव मिळाला नाही. आमचं लग्नसुद्धा वीज बंद असायच्या वारी, म्हणजे शेडच्या सुट्टीला लागलं, नाहीतर वऱ्हाड येणार कुठून? शिवाय आपल्या गावात पाळण्यातली पोरं मागाच्या खटाखटीत झोपतात आणि वीज गेली की शांततेने दचकून रडत उठतात. तुझी आई तशीच उठायची.

सगळ्यात मोठा परिणाम सांगतो. शेडमध्ये कानठळ्या बसतात, कुणाचं कुणाला ऐकू येत नाही. बोलायचं ते ओठांनी आणि हातांनी. चहा हवा असला की अंगठा ओठाला लावून मान वाकडी करायची. मालक आले की पोटावरून हात फिरवायचा. जेवलास का, तर पाची बोटं तोंडाशी नेऊन तळहात उलटा करायचा. नावंही हातांचीच. मी मागाला कान लावून त्याचं दुखणं ओळखायचो, म्हणून माझं नाव कानाची पाळी ओढणे. डबा घेऊन येणाऱ्या तुझ्या आईचं नाव दोन वेण्या, म्हणजे दोन्ही मुठी कानापासून खांद्यापर्यंत खाली आणायच्या. कोण कुठल्या गावचा, कोण कुठल्या जातीचा, कुणाचं आडनाव काय, हे विचारायची सोयच नव्हती. विचारलं तरी ऐकू कुणाला येणार? एका किटलीतला चहा सगळे पीत होते.

आणि कान गेले. घरात मी टायफॉइडचं नाव सांगतो. ज्या मागाने तुझ्या आईला शिकवून दिल्लीला धाडलं, त्याच्यावर आळ कशाला घ्यायचा? पण तू प्रोजेक्टमध्ये खरं ते लिही.

या सुताची वीण घट्ट राहो.
आजोबा

*

लक्ष्मीबाई नगर
१३ ऑगस्ट २०२५

ती. स्व. आजोबांना,
साष्टांग नमस्कार.

वीसपैकी वीस! मॅडमनी सगळ्या वर्गासमोर वाचायला लावलं. एक परिणाम मी स्वतः शोधून घातला, तो असा की औद्योगिकीकरणामुळे आमच्या घरात सगळे ओरडून बोलतात. आई साधी पोळी वाढू का विचारते तरी शेजारच्यांना वाटतं भांडण चाललंय. एकदा खालच्या मजल्यावरचे अंकल समजूत घालायला आले होते. आई तुमच्याशी बोलून तशी झाली, मी आईशी बोलून तशी झाले. मॅडम म्हणाल्या की यालाच सामाजिक परिणाम म्हणतात.

आणखी एक गंमत. आई फोनवर ऑफिसचं बोलत असली की माझ्याकडे बघून अंगठा ओठाला लावते आणि मान वाकडी करते. मी चहा ठेवते. मला वाटायचं ही हिचीच सवय आहे. आजोबा, ती तर शेडची भाषा आहे! तिला स्वतःला माहीत तरी असेल का? आता आमच्या वर्गातही ती चालू झाली आहे. प्रिन्सिपल सर कॉरिडॉरमध्ये दिसले की आम्ही सगळ्या पोटावरून हात फिरवतो. त्यांना वाटतं कँटीनचं काहीतरी बाधलंय.

आता दोन प्रश्न, प्रोजेक्टसाठी नाही, माझ्यासाठी. पहिला म्हणजे माझं हाताचं नाव काय? आईला आहे, तुम्हाला आहे, मला का नाही? दुसरा म्हणजे तुम्ही दिल्लीला का येत नाही? द्वारकेच्या डॉक्टरीणबाई चांगल्या आहेत. कानात बसवायचं मशीन एवढुसं असतं. आई दर महिन्याला त्यांच्याकडे चौकशी करते. मी तुमचा आवाज ऐकला आहे, माझा आवाज तुम्ही कधीच ऐकलेला नाही. हे बरोबर नाही यार, आजोबा.

(‘यार’ मुद्दाम ठेवलंय. मोजा.)

जिथे आहात तिथूनच लोभ करण्यापेक्षा इथे येऊन करावा.
रेवती

*

इचलकरंजी
२५ ऑगस्ट २०२५

चि. रेवतीस आशीर्वाद, आणि वीस मार्कांबद्दल आणखी वीस.

‘यार’ मोजलं नाही. ते सूत चांगलं आहे.

नाव असं लांबून ठेवता येत नाही. माणूस समोर पाहिजे, त्याची खोड दिसली पाहिजे, मग नाव आपोआप हाताला येतं. तेव्हा तुझा पहिला प्रश्न दुसऱ्यात अडकला आहे.

दुसऱ्याचं उत्तर द्यायला मी चार दिवस घेतले. आधी लिहिलं की दिल्लीत लोक हिंदीत ओठ हलवतात, ते मला वाचता येत नाहीत. मग ते फाडलं. तू सगळं खरं लिहा म्हणाली होतीस.

बाजारात, बँकेत, लग्नकार्यात मी बहिरा म्हातारा असतो. लोक माझ्याशी बोलायचं टाळतात, नाहीतर माझ्याविषयी माझ्यासमोर दुसऱ्याशी बोलतात. शेडमध्ये तसं नाही. तिथं कुणालाच ऐकू येत नाही, म्हणून तिथं मी बहिरा नसतो. दारातून आत पाऊल टाकलं की तळव्यांतून मला आठही माग कळतात, कुठला नीट चालतोय, कुठला कण्हतोय. पण श्रीरंगशेठ आता बिनधोट्याचे नवे माग आणणार आहेत. खंडेनवमीची पूजा झाली की जुने आठ भंगारात जाणार. तोवर मी इथून हलणार नाही.

त्यानंतरही यावं की नाही, याचा विचार पडतो. तुझी आई नववीत होती. एकदा शाळा सुटायच्या वेळी मी रस्त्यापलीकडून तिला हाताने विचारलं, जेवलीस का. तिच्या मैत्रिणी बरोबर होत्या. त्या हसल्या. पोर इतकी ओशाळली की मान खाली घालून चालू लागली. घरी आल्यावर म्हणाली की अप्पा, लोकांत असे हातवारे करत जाऊ नका. तिचं चुकलं नाही. त्या वयात मीही हेच म्हणालो असतो. तेव्हापासून मी घराबाहेर हात खिशात ठेवतो. आता ती एवढी मोठी अधिकारी. तिच्या घरी साहेबलोक येणार, शेजारीपाजारी येणार, आणि मी तिथं बहिऱ्यासारखा बसणार, नाहीतर हात हलवणार. दोन्ही तिला जड जाईल.

यातलं आईला काही सांगू नकोस.

कळावे. लोभाला अंतर नसतं, गाडीला असतं.
आजोबा

*

लक्ष्मीबाई नगर
६ सप्टेंबर २०२५

तीर्थरूप अप्पांस,
पमीचा शिरसाष्टांग नमस्कार.

रेवतीवर रागावू नका. तिने काही सांगितलं नाही. परवा मी पोळ्या करत होते तर तिने येऊन विचारलं की ‘ओशाळली’ म्हणजे काय. दिल्लीत वाढलेली पोर, हा शब्द तिच्या कानावर कुठून पडणार? मी म्हटलं, कुठे वाचलास? ती गडबडली, गुलाबांविषयी काहीतरी पुटपुटली. गुलाब ओशाळत नाहीत एवढं मला कळतं. मग तिने तुमची सगळी पत्रं माझ्यापुढे आणून ठेवली आणि माझ्या आधी तीच रडायला लागली.

पहिल्यांदा तुमच्या बागेबद्दल. मामंजी स्वच्छ राहतात याचं कौतुक करायला मी उद्याच वहिनीला फोन करणार आहे. दिवाणजींच्या कपाटातला सदरा धुवायला टाका.

आता दुसरं. अप्पा, मला तो दिवस आठवतो. कोपऱ्यावर सायकलचं दुकान होतं, तुम्ही निळा सदरा घातला होता. मैत्रिणी हसल्या आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी जे बोलले ते मी आठवड्यात विसरून गेले. तुम्ही ते चौतीस वर्षं पाळलंत. शेडमध्ये न जायचा शब्द तुम्ही आठ दिवस पाळता आणि एका मूर्ख पोरीचं बोलणं मात्र चौतीस वर्षं! मला वाटायचं वय झालं तसे अप्पा अबोल झाले. मला दिल्लीच्या गाडीत बसवून दिलंत, तेव्हाही खिडकीपाशी हात खिशात घालून उभे होतात. मला त्या दिवशी तुमचा फार राग आला होता. गाडी पुण्याच्या पुढे जाईपर्यंत मी रडत होते, की माझ्या बापाने मला साधं जेवलीस का म्हणूनही विचारलं नाही.

मी एवढी मोठी अधिकारी वगैरे नाही. सेक्शन ऑफिसर आहे, आणि ऑफिसात माझी ख्याती अशी की प्रमोदिनी मॅडमना इंटरकॉम लागत नाही, बिल्डिंगभर ऐकू येतं. माझ्याकडे येणाऱ्या साहेबलोकांना मी चहा देते, घाबरत नाही.

खंडेनवमीपर्यंत थांबा. मागांची पूजा नीट करा, माझ्या नावाने एक हळदीकुंकवाचं बोट लावा. मग या. दिवाळीला या. कान तपासायचे की नाही ते तुम्ही ठरवा. मशीन नको असेल तर नको. पण हात खिशातून काढून या.

आपली (पुढचं नाव मी हाताने सांगेन),
पमी

*

इचलकरंजी
४ ऑक्टोबर २०२५

चि. सौ. पमीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र महिनाभर उशाशी आहे. त्यात एकही दोष सापडला नाही. तपासताना डोळ्यांत पाणी येत होतं, म्हणून खात्री देत नाही.

पूजा झाली. आठही मागांना झेंडूच्या माळा घातल्या, तुझं बोट पाच नंबरच्या मागाला लावलं, कारण तुझी दहावीची पुस्तकं त्याने आणली. मग श्रीरंगशेठनी मलाच खटका दाबायला सांगितला. एकेक माग थांबत गेला. शेवटचा थांबल्यावर पायाखालची जमीन गप्प झाली. त्या शेडमध्ये मी पहिल्यांदा बहिरा झालो, पमे. पोरं आपसांत तोंडाने बोलायला लागली आणि मी मधे उभा. मग त्यांतल्या एकाने, बिहारकडचा आहे, माझ्याकडे बघून कानाची पाळी ओढली आणि अंगठा ओठाला लावला. सगळ्यांनी मिळून चहा घेतला.

श्रीरंगशेठनी एक धोटा मला दिला आहे. तो रेवतीला. पंधरा तारखेला, बुधवारी, चैतन्य मिरजेला गाडीत बसवून देणार आहे. शुक्रवारी सकाळी निजामुद्दीनला उतरेन. कागद तांदळाच्या डब्याखालून काढला आहे. किडे लागले नाहीत.

भेटीपर्यंत लोभ जपून ठेव, सगळा घ्यायला येतोय.
अप्पा

*

लक्ष्मीबाई नगर, आतली खोली
२८ ऑक्टोबर २०२५

ती. स्व. आजोबांना,
साष्टांग नमस्कार.

तुम्ही बाहेरच्या खोलीत पेपर वाचताय आणि मी तुम्हाला पत्र लिहितेय. एका घरात राहिलो तरी आठवड्याला एक पत्र झालंच पाहिजे हा तुमचा हुकूम आहे, म्हणून. तुम्हाला माहीत नाही ते लिहायचं असं ठरलंय. तर स्टेशनवरचं लिहिते, कारण तुम्ही डब्यात होतात आणि मी प्लॅटफॉर्मवर.

आई त्या दिवशी पहाटेच उठून आरशासमोर उभी होती. मला वाटलं साडी बघतेय. ती हात बघत होती. टॅक्सीत एक शब्द बोलली नाही, आणि आमच्या आईसाठी हा विक्रम आहे. प्लॅटफॉर्मवर तिचे मोठे साहेब भेटले, त्यांच्या सासूबाई त्याच गाडीने येणार होत्या. ते आईशी कुठल्या तरी फाइलीबद्दल बोलायला लागले. मी मनात म्हटलं, संपलं.

तेवढ्यात गाडी आली. तुम्ही दारात उभे होतात, पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरून. तुम्ही आधी साहेबांकडे बघितलंत आणि पिशवी आणखी घट्ट धरलीत, ते मी पाहिलं. आणि आईने, साहेबांचं वाक्य अर्धं असताना, दोन्ही हात डोक्याच्या वर नेले. कानाची पाळी ओढली. मग पाची बोटं तोंडाशी नेऊन तळहात उलटा केला. एवढा मोठा केला की हमाल थांबून बघायला लागले. साहेबांनी विचारलं की काय झालं. आईने सांगितलं की माझे वडील आलेत, त्यांना जेवलात का विचारतेय. सगळ्या प्लॅटफॉर्मला ऐकू गेलं.

मग तुम्ही पिशवी खाली ठेवलीत आणि दोन्ही मुठी कानापासून खांद्यापर्यंत आणल्यात. आईचे केस तर मानेपर्यंतच आहेत, वेणी घालायची म्हटली तरी येणार नाही. पण तिने लगेच मागे हात लावून बघितला. हे तुम्हाला दिसलं नसेल, तुम्ही तेव्हा डोळे पुसत होतात.

मशीनबद्दल माझी तक्रार आहे. द्वारकेहून आल्यावर मी किती दिवस पाठ केलेलं वाक्य तुम्हाला ऐकवलं. माझा आवाज तुम्ही आयुष्यात पहिल्यांदा ऐकलात. आई कॅमेरा घेऊन उभी होती. आणि तुम्ही दोन्ही कानांवर हात ठेवून म्हणालात की या घरात सगळे एवढे बोंबलता कशाला, मी काय बहिरा आहे का! खालचे अंकल वर आले, तर त्यांना काय झालं ते सांगताना आई हसत होती की रडत होती, त्यांना कळलं नाही. ते आम्हाला बर्फी देऊन गेले.

आता आम्ही हळू बोलायचा सराव करतोय. आईला जमत नाही. रात्री तुम्ही मशीन काढून डबीत ठेवता आणि हातांनी बोलणं सुरू होतं, तेव्हा मला खरं बरं वाटतं.

सगळं झालं, पण माझं नाव राहिलं. बारा दिवस तुम्ही माझ्याकडे नुसते बघताय.

लोभ आहे, दिसतो, आता ऐकूही येतो.
रेवती

*

बाहेरची खोली
त्याच दिवशी

चि. रेवतीस आशीर्वाद.

तुटके तार दोन. गाठ नाही. माल पास.

नाव मला पहिल्या दिवशीच सापडलं होतं, पण तू रागावशील म्हणून गप्प होतो. तू वाचताना, टीव्ही बघताना, माझं काही ऐकताना तोंड तसंच उघडं ठेवून बसतेस. त्या व्हिडिओ कॉलवर नेट अडकलंच नव्हतं, पोरी. तेव्हा आजपासून तुझं नाव मूठ हनुवटीशी नेऊन हळूच उघडणे.

आत्ता दारातून बघ, मी हाक मारतोय.

आजोबा